निष्ठेचा आकडा आणि साष्टीचे बेट

बुद्धिबळाच्या पटावरील वजीर आपल्याच राजावर चाल करून गेल्याचे, किंवा एखाद्या प्याद्याने थकलेल्या पगारासाठी धरणे धरल्याचे कोणी ऐकलेले नाही. ज्या देशात मांडलिकांचे फितूर, सुभेदारांची बंडे आणि भाऊबंदांची कारस्थाने यांवाचून एकाही राजघराण्याचा इतिहास पुरा होत नाही, त्याच देशात जन्मलेल्या या युद्धखेळाने आपल्या सगळ्या मोहऱ्यांना निरपवाद आज्ञाधारकपणा बहाल करावा, ही गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. राजाला विरंगुळ्याच्या वेळी तरी फितुराची आठवण नको असावी, एवढेच तिचे समर्थन मला सुचते. बुद्धिबळाचाच दूरचा आप्त असलेल्या जपानी शोगीत मात्र मारलेला मोहरा पटाबाहेर मरून पडत नाही. तो जिंकणाऱ्याच्या हाती जातो आणि पुढे एखाद्या चालीला त्याच्याच बाजूने पटावर उतरून कालच्या धन्याविरुद्ध लढू लागतो. तेथे निष्ठाबदल हा अपवाद नसून नियमच आहे.

संगणकाच्या पडद्यावर इतिहासातील राज्ये चालवावयास देणारे जे डावपेचांचे खेळ आहेत, त्यांत सरदाराचे मन आकड्यात बांधण्याचा उद्योगही जपान्यांनीच फार लवकर आरंभिला. कोएई या कंपनीने १९८३ साली ‘नोबुनागाज अँबिशन’ आणि १९८५ साली ‘रोमान्स ऑफ द थ्री किंग्डम्स’ असे दोन खेळ बाजारात आणले. पहिल्याचा विषय सोळाव्या शतकातील जपानची यादवी, तर दुसऱ्याचा विषय इसवीच्या तिसऱ्या शतकात तीन राज्यांत दुभंगलेला चीन. दुसऱ्या खेळातील प्रत्येक सरदाराच्या नावापुढे त्याचे शौर्य, त्याची बुद्धी यांसोबत निष्ठेचाही एक आकडा असतो आणि त्याची कमाल मर्यादा शंभर असते. धन्याने बक्षीस दिले की आकडा चढतो, उपेक्षा केली की उतरतो. आणि तो पुरेसा उतरला, की शेजारच्या राजाचा माणूस रात्रीबेरात्री निरोप घेऊन येतो व सरदार एके दिवशी पलीकडच्या छावणीत दिसतो. मालिकेच्या पुढील भागांत या आकड्यामागे खेळणाऱ्याला न दिसणारे आणखी काही आकडे ठेवण्यात आले: सरदाराला धर्माधर्माची चाड किती, महत्त्वाकांक्षा किती, आणि या विशिष्ट धन्याशी त्याचा स्वभाव जुळतो की नाही. बनावट पत्र लिहून शत्रूच्या सरदाराविषयी त्याच्या धन्याच्या मनात किल्मिष उत्पन्न करण्याची सोयही या खेळांत आहे. ती कोणाला बालिश वाटली, तर त्याने १६८१ च्या जानेवारीतील अजमेरचा प्रसंग आठवावा. बापाविरुद्ध उठलेल्या शहजादा अकबराच्या पाठीशी राजपुतांची मोठी फौज उभी असताना, राजपुतांना गाफील ठेवून जाळ्यात आणल्याबद्दल मुलाची शाबासकी करणारे एक पत्र औरंगजेबाने लिहिले आणि ते नेमके राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. रात्रीत छावणी रिकामी झाली, आणि तोच अकबर दुर्गादास राठोडासह दक्षिणेत संभाजीराजांच्या आश्रयास आला. एका कागदाने एवढी मोठी फौज मोडल्याचे उदाहरण खेळातही विरळा.

या आकड्याविषयी माझी पहिली तक्रार अशी, की तो धन्याला दिसतो. खेळणारा सकाळी उठून सरदारांची यादी चाळतो, साठाच्या खाली कोण गेले ते पाहतो आणि मोहरांची थैली पाठवून त्याला पुन्हा नव्वदावर आणून बसवतो. नेताजी पालकरांच्या नावापुढे असा कोणता आकडा शिवाजीमहाराजांना दिसत होता? १६६६ च्या आरंभी पन्हाळ्याचा हल्ला फसला, नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत, महाराजांनी त्यांना बडतर्फ केले. सरनोबतपदावरचा तो माणूस आधी विजापुरास मिळाला, मग मोगलांकडे गेला, पुढे कैद होऊन मुहम्मद कुली खान झाला, अफगाणिस्तानच्या बाजूला लढला, आणि दहा वर्षांनी, १६७६ त, परत येऊन शुद्ध करून घेतला गेला. दहा वर्षे शत्रूच्या पदरी राहिलेला सेनापती परत आल्यावर त्याला पोटात घेणे, हा व्यवहार बहुतेक खेळांच्या गणितात बसत नाही. तेथे बंडखोर झाला की त्याचा रंग करडा होतो, नावामागे ‘रिबेल’ लागते, आणि त्याला मारावयाचे किंवा कोठडीत टाकावयाचे एवढेच उरते. मराठी राज्याच्या दप्तरात मात्र कौल आणि अभय हे शब्द फितुराइतक्याच वेळा येतात.

ज्याला आकडा दिसत नाही, त्याने काय करावे? त्याने माणसावर विसंबू नये, रचनेवर विसंबावे, हे सतराव्या शतकातील उत्तर कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत सविस्तर सापडते. गडावर एकच किल्लेदार नसे. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू; किल्ल्या एकाच्या हाती, हिशेब दुसऱ्याच्या, कोठार तिसऱ्याच्या; तिघांची जात वेगळी, आप्तसंबंध वेगळे, आणि तिघे एकदिल झाल्यावाचून गड शत्रूच्या हवाली करणे अशक्य. पगार शक्यतो रोख, जहागीर शक्यतो नाही, गावोगावच्या वतनदारांचे कोट आणि बुरुज पाडून टाकावयाचे, व अंमलदारांना एका जागी रुजू द्यावयाचे नाही. येथे व्यक्तीच्या निष्ठेचे मोजमाप कोणी करीत नाही. निष्ठा कितीही उतरली तरी तिचा उपयोग होऊ नये अशी व्यवस्था केलेली असते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे प्रकरण लिहिले आहे त्याचा रोखही हाच आहे: हे लोक आकाराने लहान असले तरी स्वतंत्र सत्ताधारीच आहेत, त्यांची दृष्टी राज्यापेक्षा वतनावर अधिक, आणि परचक्र आले की वतन राखण्यासाठी ते शत्रूला सर्वांआधी भेटतात, म्हणून त्यांना तोडूही नये आणि सैलही सोडू नये.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ हा खेळ, विशेषतः त्याचा २०१३ साली आलेला चौथा भाग, या विचाराच्या सर्वांत जवळ येतो असे माझे मत आहे. त्यात राज्यातील वर्गांना, म्हणजे धर्माधिकारी, सरदार, सावकार इत्यादींना, निष्ठेचा एक आणि प्रभावाचा दुसरा असे दोन स्वतंत्र आकडे असतात. २०१८ च्या ‘धर्म’ नावाच्या पुरवणीत हिंदुस्थानच्या राज्यांसाठी मराठे, राजपूत, ब्राह्मण, जैन असे वर्गही घालण्यात आले. वर्गाला सवलत दिली की त्याची निष्ठा वाढते, परंतु प्रभावही वाढतो; आणि जमिनीतला राजाचा स्वतःचा हिस्सा, ज्याला आपल्याकडे खालसा म्हणत, तो कमी होतो. जमीन परत घेऊ म्हटले, तर सरदार बिथरतात. म्हणजे आज विकत घेतलेली निष्ठा ही उद्याच्या बंडाची शिबंदी होय, हे तत्त्व खेळाच्या हिशेबात उतरले आहे.

हे तत्त्व मराठी राज्यावर सर्वांत कठोरपणे कोसळले ते राजारामांच्या काळात. राजा दूर जिंजीला, रायगड गेलेला, खजिना नाही, आणि औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ देऊन एकेका देशमुखाला मनसब, जहागीर व रोख रक्कम देऊ करीत असलेला. अशा वेळी रोख पगाराचे धोरण टिकणे शक्यच नव्हते; जो प्रदेश जिंकाल तो सरंजाम म्हणून तुमचा, जे वतन मोगल देऊ करील तेच आम्हीही देऊ, अशी बोली मराठ्यांनाही लावावी लागली. दोन्हीकडून भाव चढत गेला. म्हसवडच्या नागोजी मान्यांसारखे सरदार मोगलांकडून मराठ्यांकडे आणि मराठ्यांकडून मोगलांकडे गेले-आले, आणि ज्या संताजी घोरपड्यांच्या नावाने मोगल छावणीत धडकी भरे, ते संताजी १६९७ त शत्रूच्या तोफेने न मरता धनाजी जाधवांशी आलेल्या वितुष्टानंतर याच नागोजींच्या हातून मारले गेले.

पुढे १६९९ पासून बादशहाने किल्ले घेण्याची जी मोहीम काढली, तिच्यात तर हा बाजार उघडच भरला. एकामागून एक गड मोगलांकडे गेले, पण त्यांतील बहुतेक रक्कम चुकती करून. निव्वळ हल्ला चढवून घेतला असा तोरणा, १७०४ सालचा, हाच काय तो एक म्हणून सांगतात. बादशहा पुढल्या गडाकडे वळला की मागचा गड थोड्याच काळात पुन्हा भगव्याखाली येई. ज्या किल्ल्याचा पैसा मिळाला तोच पुन्हा काबीज करावयाचा, हा उद्योग फितुराचा की राज्यनिष्ठेचा, याचा निवाडा मोगल वाकेनविसांनाही करता आला नसता. आणि खेळाच्या निर्मात्यांनी तर असा पर्याय कोणाला सुचेल याची कल्पनाच केलेली नाही.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि तीच या प्रकरणाचे मुख्य प्रतिपाद्य आहे. निष्ठा हा सरदाराच्या अंगचा गुण नव्हे, किंवा धनी आणि सरदार या दोघांमधले नातेही नव्हे. ती तिघांमधली गोष्ट आहे. तिसरा, दार उघडून बसलेला, काय देऊ करतो यावर पहिल्या दोघांचे नाते ठरते. नेताजींना विजापूर होते, देशमुखांना बादशहा होता. ज्या खेळात हा तिसरा नाही, त्यातला निष्ठेचा आकडा दिव्यात तेल घालण्यासारखा एक नित्योपचार होऊन बसतो.

‘क्रुसेडर किंग्ज’ या मालिकेत तिसऱ्याची जागा बहुधा घराण्यातील दुसरा हक्कदार घेतो, आणि तेवढ्यापुरता तो खेळ फार खरा आहे. त्यात प्रत्येक मांडलिकाचे धन्याविषयीचे मत उणे शंभर ते अधिक शंभर असे मोजले जाते आणि त्यामागची कारणे जमाखर्चासारखी मांडून दाखविली जातात: नाते, धर्म, दिलेली देणगी, केलेला जुलूम, आणि राजा नुकताच गादीवर आला असेल तर त्या नवखेपणाचाही खर्च. परंतु नाराज मांडलिक एकटा उठत नाही. नाराजांचे गट बनतात, आणि मालिकेच्या २०२० च्या तिसऱ्या भागात अशा गटाची एकत्रित ताकद धन्याच्या ताकदीच्या सुमारे आठ-दशांशावर गेली म्हणजे असंतोष साठू लागतो व अखेरीस निर्वाणीचा खलिता येतो. कोणाला स्वातंत्र्य हवे असते, कोणाला राजाच्या अधिकारात कपात, आणि कोणाला गादीवर दुसराच माणूस. यातला शेवटचा गट मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. १७०७ त शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा गादीवर ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने कारभार करीत होत्या. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. कान्होजी आंग्रे मात्र पलीकडेच राहिले. १७१३ त त्यांनी चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळ्यांना, म्हणजे शाहूंच्या पेशव्यालाच, कैद केले. यावर शाहूंनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पेशवाई बाळाजी विश्वनाथांस दिली आणि नव्या पेशव्याने आंग्र्यांशी लढण्याऐवजी बोलणे लावले. पिंगळे सुटले, आणि कान्होजींना सरखेलपद, दहा किल्ले व सोळा लहान ठाणी कायम करून देण्यात आली. ज्याने पेशवा धरला त्याला दौलत मिळाली, आणि कोकणचा किनारा शाहूंच्या बाजूला आला. १७३१ त डभोईच्या रणांगणावर सेनापती त्रिंबकराव दाभाडे बाजीरावांविरुद्ध लढता लढता पडले, तेव्हाही शाहूंनी सेनापतिपद त्याच घराण्यातील यशवंतराव दाभाड्यांस देऊन तो घाव बुजविला.

आता साष्टीकडे वळतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज ज्यांची नावे लोकलच्या फलाटांवर वाचावयास मिळतात ती सर्व स्थळे एकाच बेटावर आहेत; वांद्र्यापासून घोडबंदर-ठाण्यापर्यंत पसरलेल्या या बेटाला साष्टी म्हणत, आणि १९५० व १९५७ साली ही गावे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत सामील होईपर्यंत मुंबई म्हणजे ती खाडीपलीकडची, अशीच येथल्या जुन्या लोकांची बोली होती. या बेटाचा अडीचशे वर्षांचा राजकीय इतिहास म्हणजे आपल्या विषयाचा एक संपूर्ण पाठ आहे. १५३४ त गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा हा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला, तो त्यांच्यावरील प्रेमाने नव्हे, तर उत्तरेकडून हुमायून चालून येत होता म्हणून. पहिल्याच दस्तऐवजात तिसरा हजर आहे.

पोर्तुगीजांचा अंमल पुढे दोनशे वर्षे चालला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनी चर्च आणि मठ थाटले, अंधेरीच्या पूर्वेस, आजच्या सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या चर्चचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत, आणि धर्मांतर न केलेल्या प्रजेला जाच झाल्याच्या कहाण्या कागदोपत्रीही आहेत. खेळांत ज्याला प्रांताचा असंतोष म्हणतात त्याची पाठ्यपुस्तकी कारणे येथे होती: धर्मभेद, करभार, परकी अंमलदार. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात असा असंतोष ठाण्यातील फौज वाढवून दाबता येतो, कर माफ करून शमविता येतो, आणि दोन्ही न केल्यास प्रांतात बंडखोरांची फौज आपोआप उगवते. ही ‘आपोआप’ उगवणारी फौज मला नेहमीच खटकत आली आहे. साष्टीतील रयत दोनशे वर्षे असंतुष्ट होती, पण फौज उगवली नाही. ती उगवली १७३७ त, जेव्हा पुण्यास बाजीराव-चिमाजींचे बलाढ्य राज्य शेजारी उभे होते आणि अंजूरच्या नाईक बंधूंनी, त्यांतही गंगाजी नाइकांनी, दोन्ही बाजूंमध्ये धागे जोडले, वाटा दाखविल्या, माणसे मिळविली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ठाण्याचा किल्ला पडला. पोर्तुगीजांनी काढलेले त्याचे बांधकामदेखील पुरे झाले नव्हते. वेसाव्याचे ठाणे १७३९ त आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांपुढे वसई नमली. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या सहाव्या भागात २०१८ साली जी नवी व्यवस्था आली, तिच्यात हे वास्तव अधिक नेटकेपणे पकडलेले आहे: प्रत्येक नगराची निष्ठा आजूबाजूच्या वस्तीच्या दाबाने ओढली जाते, शेजारी परकी लोकसंख्या दाट असेल तर नगर हळूहळू त्या बाजूला झुकते, आणि निष्ठा शून्यावर आली की ते आधी मोकळे होते व मग शेजाऱ्याच्या पदरात जाते.

साष्टी मराठ्यांकडे राहिली ती उणीपुरी सदतीस वर्षे, आणि तिच्या जाण्याची कथा येण्यापेक्षा अधिक बोधप्रद आहे, कारण यावेळी बिथरली ती रयत नव्हे, पेशव्यांचे घर. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. कारभाऱ्यांनी, ज्यांना बारभाई म्हणतात त्यांनी, नारायणरावांच्या गरोदर विधवेच्या नावाने पक्ष उभा केला, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म होताच रघुनाथरावांच्या हक्काखालची जमीन सरकली. येथवर ही ‘क्रुसेडर किंग्ज’मधली दुसऱ्या हक्कदाराची नेहमीची गोष्ट आहे. घरातला भांडखोर चुलता मराठी राज्याला नवा नव्हता. माधवराव पेशव्यांनी याच रघुनाथरावांना १७६८ त धोडपला हरवून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले होते आणि राज्य चालूच राहिले होते. फरक एवढाच की १७६८ त तिसऱ्याने हात पुढे केला नव्हता, आणि १७७४ त खाडीपलीकडे मुंबईत विल्यम हॉर्न्बीचे इंग्रज कौन्सिल साष्टी आणि वसईवर कित्येक वर्षे डोळा ठेवून बसलेले होते. मुंबई हे खडकाळ, अपुऱ्या शेतीचे बेट. तिला धान्य, लाकूड आणि निर्धास्त किनारा हवा असेल तर तो साष्टीतच होता. रघुनाथरावांशी चाललेली बोलणी पुरी होण्याआधीच, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे या वदंतेचे निमित्त करून, इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्यावर हल्ला केला. त्यात त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन प्राणघातक जखमी झाला, पण किल्ला गेला आणि पाठोपाठ वेसावेही. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी सुरतेच्या तहावर सही केली. अडीच हजारांची फौज मिळणार. बदल्यात साष्टी, वसई आणि लगतची बेटे कायमची द्यावयाची, फौजेचा खर्च सोसावयाचा, आणि जामीन म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावयाचे. जे मुळात इंग्रजांनी आधीच बळकावले होते, तेच देऊन रघुनाथरावांनी मदत विकत घेतली. दोन्ही बाजूंनी इतका सोयीचा सौदा क्वचितच झाला असेल.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’मध्ये मांडलिक राज्यांच्या बाबतीत नेमकी हीच यंत्रणा ठेवलेली आहे. मांडलिकाची स्वातंत्र्येच्छा शतमानात मोजली जाते, ती पन्नासावर गेली की तो बेइमान समजला जातो. ती ठरते सर्व मांडलिकांची एकत्रित ताकद धन्याच्या तुलनेत किती, परस्परविश्वास किती यांवर. आणि त्यात तिसऱ्या राज्याला उघडपणे मांडलिकाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा जाहीर करण्याची मुभा आहे. पाठिंबा मिळताच इच्छा झपाट्याने चढते. परंतु खेळातला पाठीराखा पाठिंब्याची किंमत आगाऊ वसूल करीत नाही. मुंबईच्या कौन्सिलने ती आधीच वसूल केली होती.

त्यानंतरच्या सात वर्षांत साष्टी कागदावर किती वेळा हलली ते पाहण्यासारखे आहे. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने सुरतेचा तह अमान्य केला आणि १७७६ त पुरंदरास नवा तह केला, पण साष्टी सोडली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडली आणि १७७३ नंतर मिळविलेले सारे परत देण्याचे तिने कबूल केले. काही दिवस अंधेरी-बोरिवली कागदोपत्री पुन्हा पेशव्यांची झाली, पण वरिष्ठांनी तो करारही झिडकारला. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा मध्यस्थ आणि उभयपक्षी जामीन होते महादजी शिंदे, म्हणजे पेशव्यांचे सरदार. सरदार आपल्याच धन्याचा आणि धन्याच्या शत्रूचा जामीन होतो, याचा अर्थ तो आता निव्वळ सरदार राहिला नाही, हे नाना फडणविसांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण; हैदर अली जिवंत असेतोवर त्यांनी तहाला मान्यता देण्यास टाळाटाळ केली आणि डिसेंबरात हैदर वारल्यावर ती दिली. सालबाईने रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक दिली, इंग्रजांना साष्टी दिली. ज्या हक्कदारासाठी हे युद्ध झाले त्याला पेशवाई मात्र कोणी दिली नाही.

या कसोटीवर पाहिले म्हणजे ‘एम्पायर’मधील मराठ्यांचे चित्र फार विपर्यस्त ठरते. खेळणाऱ्याला तेथे मराठा संघराज्य चालवावयास मिळते आणि पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड असे भिन्न हितसंबंध त्यात कोठेच नसतात. एका माणसाच्या बोटावर सारी फौज हलते, आणि कोणताही सरदार “आधी माझी थकबाकी द्या” असे म्हणत नाही. खरे संघराज्य १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला त्या दिवशी दिसले. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी त्यांनी तह केला तो वसईस, चिमाजीअप्पांनी जिंकलेल्या त्याच वसईस; तिसऱ्याला या वेळी निमंत्रण पाठवावे लागले नाही. पुढल्या वर्षी इंग्रजांनी शिंद्यांच्या कवायती फौजेतील आपल्या देशबांधवांना नोकरी सोडण्याचे जाहीर आवाहन केले, आणि फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ स्वतःच शिंद्यांची चाकरी सोडून निघून गेला.

अंधेरी-गोरेगावच्या कचेऱ्यांत आज संगणक खेळ बनविणारे कित्येक तरुण कामास आहेत, आणि त्यांना या प्रकरणाच्या निमित्ताने एकच विनंती आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पंचेचाळीस खंडांत छापून निघालेले आहेत, आणि त्यांत कौल, अभय, सनद, ओलीस, जामीन, तैनात आणि थकबाकी यांचे इतके तपशील आहेत की एखाद्या खेळाचे नियम त्यांतून थेट उतरवून घेता यावेत. मराठ्यांवर खेळ करावयाचाच असेल तर तलवारी आणि गड रंगविण्याआधी ते खंड वाचावेत, सरदाराच्या निष्ठेचा आकडा खेळणाऱ्यापासून लपवून ठेवावा, फितुराला परतीची वाट ठेवावी, आणि प्रत्येक दरबाराच्या दाराशी तिसऱ्याला त्याची देऊ केलेली रक्कम हातात घेऊन उभे करावे.